कुणाच्या कंबरेएवढं

वाल्दिव्यात मार्च लागला की नदीवर धुकं उतरतं
आणि सोमवारी आठला माझा तास सुरू होतो.
विषयाचं नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नाही,
मुलं त्याला नुसतं 'बोलणं' म्हणतात.
"आज बोलणं आहे का?"
"आहे, दुर्दैवानं."

इंजिनिअरिंगची खिडकीशी, डिझाइनची दाराशी,
मधली रांग कोटांसाठी.

पहिल्या दिवशी त्यांना पाठीला पाठ लावून बसवते.
एकाच्या हातात वस्तू, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल.
बाल्तासार सांगतो, "गोल आहे. आणि एक कान आहे."
रायेन मन लावून माणसाचा कान काढते,
पाळीसकट.
कप होता तो.
सगळी हसतात. मीही हसते, दरवर्षी, तेवढीच.

एप्रिलात खरंखुरं काम आलं.
काठावरच्या मासळीबाजारात एर्मेलिंदाबाई
ज्या टेबलावर तीस वर्षं मासे कापतात
त्याचा पाय कुजला होता. नवं करून द्यायचं.
गट चौघांचा,
पाचवी घाई.

एलिसेओचं 'मजबूत' म्हणजे दोनशे किलोचा भार.
लिसेलोटचं 'मजबूत' म्हणजे
हात टेकताना मनात शंका न येणं.
तीन दिवस भांडली दोघं,
एकाच शब्दाची दोन टोकं धरून.
रायेनला वेल्डिंग येत नव्हतं.
वर्कशॉपच्या दारापर्यंत ती दोनदा गेली
आणि दोनदा ताकाला जाऊन भांडं लपवून परत आली.
मला हे सगळं दिसत होतं.
मी वहीत गुण मांडत होते.

चौघांना मान्य अशी एकच ओळ होती आराखड्यात:
'उंची: कंबरेएवढी.'
मग कंबर कसून लागली पोरं.
कुणाची कंबर, तेवढं ठरायचं राहिलं.
करवत चालली त्या दिवशी
बाल्तासार जवळ उभा होता, सहा फूट दोन इंच,
म्हणून त्याची.
खाली सही माझी आहे.

शनिवारी टेबल पोचलं, लखलखीत स्टीलचं.
पायऱ्यांशी समुद्रसिंह माशांच्या डोक्यांची वाट बघत लोळत होते.
एर्मेलिंदाबाईंनी कडेवरून हात फिरवला,
"छान आहे," म्हणाल्या,
आणि पायानं एक खोकं ओढून
त्यावर चढून
सिएरा कापायला लागल्या.

कुणी काही बोललं नाही.
एक समुद्रसिंह तेवढा खोकल्यासारखा भुंकला.

"हे खोकं," रायेननं विचारलं, "आजच घेतलंत?"
"छे गं. आधीचं टेबल नवऱ्याच्या मापाचं होतं.
तो जाऊन बावीस वर्षं झाली.
खोकं तेव्हापासूनचं. म्हणजे, हे तिसरं."

नऊ वर्षं मी तिच्याकडून मासे घेते.
ताजे आहेत का, विचारते. काटे काढून द्या, सांगते.
संवाद शिकवते, सोमवारी, आठला.

"मग तुम्हाला किती उंच हवं?"
एर्मेलिंदाबाई गप्प झाल्या.
सुरी पुसली. नदीकडे बघितलं.
इतका वेळ गेला की बाल्तासारनं तोंड उघडलं
पोकळी भरायला,
आणि लिसेलोटनं त्याच्या बुटावर बूट ठेवला.
हे मी शिकवलेलं नाही.

मग त्या खोक्यावरून उतरल्या,
डाव्या हाताचा तळवा हवेत आडवा धरला,
खवल्यांनी चमकणारा,
जरा वर, जरा खाली,
जसं कुणी पोराची वाढ दाखवावी:
"एवढं."

एलिसेओनं गुडघ्यावर बसून टेप लावली.
अठ्ठ्याहत्तर.
त्यानं आकडा मोठ्यानं वाचला,
लिसेलोटनं परत म्हटला,
रायेननं लिहिला आणि वही फिरवून बाईंना दाखवली.

कापलेले चार तुकडे माझ्या टेबलावर आहेत.
तीन सारखे आहेत. एक जरा तिरका आहे,
तो रायेननं स्वतः कापला, विचारून.

खोकं आम्ही उचलून न्यायला लागलो
तर एर्मेलिंदाबाईंनी ते परत मागितलं.
"राहू दे," म्हणाल्या,
"आता बसायला होईल."